अणू मोठा की लहान, हे ठरवायचं कसं: आलेख, गणित आणि कागदी चकत्या

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची मुलं दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूसीला (कर्नाटकातली अकरावी-बारावी) सायन्स घेतात, तेव्हा अणूच्या आकाराबद्दल एक वाक्य त्यांना तोंडपाठ असतं: आवर्तात (आवर्त सारणीच्या आडव्या ओळीत) डावीकडून उजवीकडे जाताना अणू लहान होतो, गणात (उभ्या स्तंभात) वरून खाली येताना मोठा होतो. वाक्य बरोबर आहे. पण सीईटीला (कर्नाटकच्या प्रवेश परीक्षेला) ‘लिथिअम मोठा की मॅग्नेशिअम’ असं विचारलं की हेच वाक्य दोन्ही बाजूंनी साक्ष देतं. मॅग्नेशिअम एक ओळ खाली, म्हणून मोठा. एक घर उजवीकडे, म्हणून लहान. आता काय लिहायचं?

त्यासाठी वाक्यामागचं गणित हातात हवं. ते पाचवी-सहावीच्या वजाबाकीपेक्षा अवघड नाही. सोबत एक आलेख आणि एक भिंतीवरचा तक्ता केला तर कल डोळ्यांना दिसतो आणि अपवादही लपत नाहीत.

आधी ठरवा: कोणती त्रिज्या?

अणूला टणक कड नसते. इलेक्ट्रॉनांचा ढग बाहेर जाईल तसा विरळ होत जातो, त्यामुळे ‘इथे अणू संपला’ अशी रेघ कुठेच मारता येत नाही. म्हणून दोन शेजारी अणूंच्या केंद्रकांमधलं अंतर मोजतात आणि त्याचं अर्ध करतात. क्लोरीनच्या रेणूत हे अंतर १९८ पिकोमीटर (पिकोमीटर म्हणजे मीटरचा एक लाख कोटीवा भाग) आहे, म्हणून क्लोरीनची सहसंयुज त्रिज्या, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेऊन बांधलेल्या अणूची त्रिज्या, ९९. तांब्याच्या स्फटिकात शेजारच्या दोन अणूंमध्ये २५६ पिकोमीटर, म्हणून तांब्याची धातू त्रिज्या १२८. निऑनसारख्या निष्क्रिय वायूत अणू एकमेकांशी बंध करतच नाहीत. तिथे मिळते ती व्हॅन डर वाल्स त्रिज्या, म्हणजे नुसते शेजारी टेकलेल्या अणूंमधल्या अंतराचं अर्ध. खानापूर बसमध्ये दोघांच्या सीटवर तिघं बसतात तेव्हा एकाच्या वाट्याला येणारी जागा वेगळी आणि तोच माणूस स्टँडवर मोकळा उभा असताना व्यापतो ती वेगळी. सहसंयुज आणि व्हॅन डर वाल्स यांच्यात फरक आहे तो तसा.

सर्वांत जास्त चुका इथेच होतात. फ्लोरिन ६४ आणि लगेच पुढे निऑन १६० बघून मुलं म्हणतात, आवर्ताच्या शेवटी अणू पुन्हा फुगतो. तसं काही नसतं, मापाची पद्धत बदललेली असते. तुलनेच्या प्रश्नात निष्क्रिय वायू असेल तर कोणती त्रिज्या दिली आहे ते आधी बघा. आलेख आणि तक्ता करताना गण १८, म्हणजे निष्क्रिय वायू, सरळ वगळा.

दुसरी चूक त्याहून बारीक. एक आकडा या तक्त्यातून आणि दुसरा त्या तक्त्यातून उचलू नका. अ‍ॅल्युमिनिअमची धातू त्रिज्या १४३ आहे, सहसंयुज १२१. नायट्रोजनला वेगवेगळ्या तक्त्यांत ७० पासून ७५ पर्यंत काहीही दिसेल. खाली घेतलेले आकडे पीयूसीच्या पुस्तकांत आढळतात तशा पद्धतीचे आहेत: धातूंना धातू त्रिज्या, अधातूंना सहसंयुज. ही पद्धतसुद्धा मुळात सरमिसळच आहे. तिसऱ्या आवर्तात अ‍ॅल्युमिनिअमकडून सिलिकॉनकडे १४३ वरून एकदम ११७ अशी जी उडी दिसते, तिचा बराच भाग या सरमिसळीचा आहे. हे एकदा माहीत असलं की पुढे गोंधळ होत नाही.

आलेख

साधा ग्राफ पेपर घ्या. आडव्या अक्षावर अणुअंक (केंद्रकातल्या प्रोटॉनांची संख्या), १ सेंटीमीटर म्हणजे ५ अणुअंक. उभ्या अक्षावर त्रिज्या, १ सेंटीमीटर म्हणजे २० पिकोमीटर. सिझिअमचा अणुअंक ५५ आणि त्रिज्या २६२, म्हणजे आलेख ११ सेंटीमीटर रुंद आणि सुमारे १३ सेंटीमीटर उंच होतो. एका पानात आरामात बसतो.

आकडे पिकोमीटरमध्ये असे:

दुसरं आवर्त: लिथिअम १५२, बेरिलिअम १११, बोरॉन ८८, कार्बन ७७, नायट्रोजन ७४, ऑक्सिजन ६६, फ्लोरिन ६४.

तिसरं आवर्त: सोडिअम १८६, मॅग्नेशिअम १६०, अ‍ॅल्युमिनिअम १४३, सिलिकॉन ११७, फॉस्फरस ११०, सल्फर १०४, क्लोरीन ९९.

चौथं आवर्त: पोटॅशिअम २३१, कॅल्शिअम १९७, मग स्कँडिअमपासून जस्तापर्यंत १६४, १४७, १३५, १२९, १३७, १२६, १२५, १२५, १२८, १३७, त्यानंतर गॅलियम १३५ आणि शेवटी ब्रोमिन ११४.

पुढचे ठळक बिंदू: रुबिडिअम २४४, स्ट्रॉन्शिअम २१५, आयोडिन १३३, सिझिअम २६२, बेरिअम २२२.

बिंदू जोडताना एका आवर्ताचा शेवट आणि पुढच्या आवर्ताची सुरुवात अखंड रेषेने जोडू नका, तुटक रेषा वापरा. मध्ये निष्क्रिय वायू गाळलेला आहे, हे त्यावरून लक्षात राहतं. शिखरं ३, ११, १९, ३७, ५५ या अणुअंकांवर येतात, म्हणजे प्रत्येक वेळी गण १. जर्मन रसायनशास्त्रज्ञ लोथार मायर यांनी १८७० मध्ये अणूंच्या आकारमानाचा आलेख काढला, त्याची शिखरंही याच मूलद्रव्यांवर होती. त्या वेळी इलेक्ट्रॉनचा शोधही लागला नव्हता.

आलेखात आणखी एक गोष्ट नीट बघा. लिथिअम ते बेरिलिअम उतार ४१ चा, ऑक्सिजन ते फ्लोरिन फक्त २ चा. उतार सारखा नसतो, पुढे पुढे मंदावतो. म्हणून शेजारच्या दोन अधातूंत ‘खूप फरक’ गृहीत धरून पर्याय निवडणं धोक्याचं.

ओढ मोजायची कशी

बाहेरच्या इलेक्ट्रॉनला केंद्रकाचा पूर्ण प्रभार जाणवत नाही. मधले इलेक्ट्रॉन आडोसा करतात. उरलेली ओढ म्हणजे परिणामी केंद्रकीय प्रभार. तो काढण्याचा सोपा हिशेब जॉन स्लेटर यांनी १९३० मध्ये मांडला. गण १, २ आणि १३ ते १७ साठी तो असा वापरायचा:

१. शेवटच्या कवचातला एक इलेक्ट्रॉन निवडा. त्याच कवचातल्या बाकी प्रत्येक इलेक्ट्रॉनसाठी ०.३५ धरा.
२. त्याच्या लगेच आतल्या कवचातल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनसाठी ०.८५.
३. त्याहून आतल्या प्रत्येकासाठी १.
४. सगळी बेरीज अणुअंकातून वजा करा.

मॅग्नेशिअम बघू. इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे आतून बाहेर प्रत्येक कवचातले इलेक्ट्रॉन: २, ८, २. निवडलेला सोडून बाहेरचा १ उरतो: ०.३५. मधले ८: ६.८. आतले २: २. बेरीज ९.१५. १२ मधून वजा केली की २.८५ उरतात. लिथिअमचं संरूपण २, १. आतल्या दोघांचे १.७, म्हणून ३ − १.७ = १.३. निवडलेला इलेक्ट्रॉन स्वतःलाच मोजणं ही इथली नेहमीची चूक. मग मॅग्नेशिअमचं उत्तर २.५ येतं. एकच अपवाद: पहिल्या कवचात ०.३५ च्या जागी ०.३० घेतात, पण हायड्रोजन-हेलिअम सोडले तर त्याची गरज पडत नाही.

आवर्तात उजवीकडे एक घर सरकलं की अणुअंक १ ने वाढतो आणि आडोसा मात्र ०.३५ नेच वाढतो. म्हणजे प्रत्येक घराला ओढ ०.६५ ने वाढते: सोडिअम २.२, मॅग्नेशिअम २.८५, अ‍ॅल्युमिनिअम ३.५, आणि क्लोरीनपर्यंत ६.१. डावीकडून उजवीकडे अणू आकसण्याचं कारण एवढंच.

गणात खाली जाताना? सोडिअम २.२, पोटॅशिअमही २.२. ओढ तीच, पण कवच एक वाढलेलं. म्हणून आकार वाढतो.

तिरप्या जोड्या

आता लिथिअम-मॅग्नेशिअमकडे. त्रिज्येचा अंदाज काढायला कवचाच्या क्रमांकाचा वर्ग करा, त्याला ओढीने भागा आणि ५३ ने गुणा. चौथ्या कवचासाठी ४ ऐवजी ३.७ आणि पाचव्यासाठी ४ घ्यायचे, हेही स्लेटर यांचंच.

लिथिअम: ४ ÷ १.३ = ३.०८, गुणिले ५३, सुमारे १६३. मॅग्नेशिअम: ९ ÷ २.८५ = ३.१६, गुणिले ५३, सुमारे १६७. प्रत्यक्षात १५२ आणि १६०. क्रम बरोबर आला. दोघांचे आकार इतके जवळ आहेत म्हणूनच त्यांचे गुणधर्मही बरेच जुळतात आणि पुस्तकात ‘कर्णसंबंध’ म्हणून त्यांचं नाव येतं.

सोडिअम आणि कॅल्शिअम: ९ ÷ २.२ = ४.०९ आणि १३.६९ ÷ २.८५ = ४.८०. कॅल्शिअम मोठा. पुढची जोडी पोटॅशिअम आणि स्ट्रॉन्शिअम: १३.६९ ÷ २.२ = ६.२२ आणि १६ ÷ २.८५ = ५.६१. इथे वरचा पोटॅशिअमच मोठा ठरतो, प्रत्यक्षातही २३१ विरुद्ध २१५. तिरप्या जोडीत खालचा जिंकतो की डावीकडचा, याला सरसकट उत्तर नाही, हे या तीन जोड्यांवरून कळतं.

हा अंदाज क्रम लावण्यापुरताच वापरा. पोटॅशिअमची त्रिज्या यातून ३३० येते आणि फ्लोरिनची ४१, म्हणजे दोन्ही टोकांना आकडे भरकटतात. शिवाय सीईटीला ६० प्रश्नांना ८० मिनिटं असतात. परीक्षेत हा हिशेब करत बसण्यापेक्षा घरी एकदा केलेला बरा. गण १ आणि २ चे आकडे मात्र पाठच असावेत.

भिंतीवरचा तक्ता

लागणारं सामान: एक पूर्ण आकाराची ड्रॉइंग शीट (५६ × ७१ सेंटीमीटर), तीन-चार रंगांची कार्डशीट, चांगला घट्ट स्क्रूचा कंपास, कात्री, फेव्हिकॉल. खडेबाजारात एका दुकानात सगळं मिळतं. कार्डशीटऐवजी जुन्या लग्नपत्रिकाही चालतात, जाड आणि फुकट, फक्त मोठ्या चकत्यांसाठी पत्रिका उघडून सपाट करावी लागते.

प्रमाण १० पिकोमीटरला २ मिलिमीटर. म्हणजे त्रिज्येचा आकडा पाचने भागला की कंपासातलं अंतर मिलिमीटरमध्ये मिळतं. फ्लोरिन १२.८, सोडिअम ३७.२, सिझिअम ५२.४. १० ला १ मिलिमीटर असं प्रमाण घेतलं तर तक्ता अर्धा होतो हे खरं, पण अ‍ॅल्युमिनिअम आणि गॅलियममधला ८ पिकोमीटरचा फरक जेमतेम ०.८ मिलिमीटर उरतो आणि पेन्सिलच्या रेघेतच हरवतो. मोठ्या प्रमाणात तो १.६ मिलिमीटर होतो, डोळ्याला कळतो.

गण १, २ आणि १३ ते १७, आवर्त २ ते ६. स्तंभांची रुंदी सारखी ठेवू नका. पहिल्या स्तंभाला १०.५ सेंटीमीटर लागतात, दुसऱ्याला ९, तेराव्याला आणि बाकीच्यांना प्रत्येकी ७ पुरतात. मध्ये एकेक सेंटीमीटर सोडलं तरी शीटच्या ७१ सेंटीमीटरमध्ये सगळं बसतं. ओळींची उंची गण १ वरून ठरते: ६.५, ७.५, ९.५, १० आणि १०.५ सेंटीमीटर. सहाव्या ओळीत गण १६ आणि १७ ची घरं मोकळी ठेवा. पोलोनिअम आणि अ‍ॅस्टॅटिन किरणोत्सारी, तिथले आकडे भरवशाचे नाहीत.

कापताना कात्री रेघेच्या बाहेरून चालवा. आतून कापलं तर अर्धा मिलिमीटर जातो, म्हणजे अडीच पिकोमीटर. ऑक्सिजन आणि फ्लोरिनमध्ये तर फरकच २ चा आहे. कंपासात त्रिज्येऐवजी व्यास धरणं ही दुसरी हमखास चूक. सगळ्याच चकत्यांना तसं झालं तर क्रम बिघडत नाही, पण दोन मुलांनी काम वाटून घेतलं आणि एकानेच ते केलं की तक्ता पार वेडावाकडा होतो.

चकतीवर फक्त मूलद्रव्याची संज्ञा, अणुअंक आणि त्रिज्या लिहा. मग शाळेत मराठी आणि कन्नड दोन्ही वर्ग असले तरी एकच तक्ता दोघांना चालतो.

कल जिथे अडतो

गॅलियम ही पहिली जागा. अ‍ॅल्युमिनिअम १४३, त्याखालचा गॅलियम १३५. खाली गेल्यावर अणू लहान! अ‍ॅल्युमिनिअम आणि गॅलियम यांच्यामध्ये स्कँडिअम ते जस्त हे दहा धातू येऊन गेलेले असतात. त्या दहा घरांत केंद्रकात दहा प्रोटॉन वाढले आणि आतल्या तिसऱ्या कवचात दहा डी-इलेक्ट्रॉन (‘डी’ या उपकवचातले) भरले. डी-इलेक्ट्रॉनांचा आडोसा तोकडा. गॅलियमचा हिशेब करा: बाहेरचे २ गुणिले ०.३५ म्हणजे ०.७, तिसऱ्या कवचातले १८ गुणिले ०.८५ म्हणजे १५.३, आतले १०. बेरीज २६. ३१ − २६ = ५. अ‍ॅल्युमिनिअमची ओढ ३.५ होती. सोडिअमकडून पोटॅशिअमकडे येताना ओढ अजिबात वाढली नव्हती, इथे दीडने वाढली. अंदाजात गॅलियम १४५ आणि अ‍ॅल्युमिनिअम १३६ येतो, म्हणजे उडी जवळपास मावळते, पण क्रम उलटत नाही. सहसंयुज त्रिज्यांच्या तक्त्यात तर १२१ आणि १२२ असे जवळजवळ सारखेच आकडे आहेत. परीक्षेत ‘गॅलियम लहान’ हेच उत्तर द्या. मनात मात्र ‘जवळपास सारखे’ एवढंच ठेवा.

याचा पुरावा बेळगावकरांना जवळच आहे. यमनापूरला बॉक्साइटपासून अ‍ॅल्युमिना काढतात. गरम कॉस्टिक सोड्यात बॉक्साइट विरघळवलं की अ‍ॅल्युमिनिअम द्रावणात येतं आणि खनिजात किंचितसं असलेलं गॅलियमही त्याच्यासोबत येतं, कारण दोघांचे आयन (इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा मिळवलेले अणू) आकाराने आणि स्वभावाने जवळचे. जगातलं बहुतेक गॅलियम अ‍ॅल्युमिना कारखान्यांतल्या अशाच द्रावणातून मिळतं. त्याचे वेगळे साठे खणून काढण्यासारखे नसतात.

त्या दहा धातूंच्या ओळीत लोखंड १२६, कोबाल्ट १२५, निकेल १२५ अशी सपाटी येते. वाढता प्रभार आणि आतला वाढता आडोसा यांची तिथे जवळपास बरोबरी होते. शेवटी तांबं आणि जस्त पुन्हा थोडे फुगतात, डी-कवच भरल्यावर इलेक्ट्रॉनांमधलं प्रतिकर्षण वरचढ ठरतं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत लोखंडात निकेल मिसळतात तेव्हा निकेलचा अणू लोखंडाच्या अणूची जागाच घेतो. ७७ चा कार्बन मात्र अणूंमधल्या फटीत शिरतो, आणि फट त्याला अपुरी पडते म्हणून थोडाच मावतो. बिडात (ओतीव लोखंडात) कार्बन त्याहून जास्त असतो. करड्या बिडात हा जादा कार्बन ग्रॅफाइटच्या पाकळ्या होऊन वेगळा बसतो.

दुसरी जागा झिर्कोनिअम आणि हॅफ्निअम. वरचा १६०, खालचा १५९. मध्ये १४ लँथॅनाइडं (लँथॅनमनंतरचे चौदा धातू) भरली गेली. एफ-इलेक्ट्रॉनांचा आडोसा डी-इलेक्ट्रॉनांहून तोकडा, त्यामुळे नव्या कवचाने वाढायला हवा होता तेवढा आकार वाढत्या ओढीने खाऊन टाकला. याला लँथॅनाइड आकुंचन म्हणतात. आकार सारखा आणि अणुवस्तुमान दुप्पट (९१ आणि १७८.५), म्हणून घनताही दुप्पट: ६.५ आणि १३.३ ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर.

ही जोडी वेगळी करणं फार जिकिरीचं. कारवार तालुक्यातल्या कैगा अणुवीज केंद्रात इंधनाच्या नळ्या झिर्कोनिअमच्या मिश्रधातूच्या असतात, कारण झिर्कोनिअम न्यूट्रॉन क्वचितच गिळतं. हॅफ्निअम त्याच्या पाचशे पटींहून जास्त गिळतं, आणि खनिजात ते झिर्कोनिअमच्या सोबतच असतं. ते जवळपास पूर्ण काढून टाकल्याशिवाय ते झिर्कोनिअम अणुभट्टीच्या कामाचं नाही.

आयन आले की

इलेक्ट्रॉन काढला की अणू आकसतो, घातला की फुगतो. लोखंड १२६, दोन इलेक्ट्रॉन गेलेला आयन ७८, तीन गेलेला ६५. एकाच मूलद्रव्याचा प्रश्न असेल तर एवढं पुरतं.

वेगवेगळ्या आयनांत आधी इलेक्ट्रॉन मोजा. संख्या सारखी असेल तर फक्त प्रोटॉन बघा: जास्त प्रोटॉन, लहान आयन. दहा इलेक्ट्रॉनवाले आयन: ऑक्साइड (ऑक्सिजनचा ऋण आयन) १४०, फ्लोराइड (फ्लोरिनचा) १३३, सोडिअम १०२, मॅग्नेशिअम ७२, अ‍ॅल्युमिनिअम ५४. आवर्त किंवा गण बघायला गेलात तर इथे हमखास फसाल, कारण ऑक्साइड दुसऱ्या आवर्तातला आणि सोडिअम तिसऱ्यातला.

पुस्तकात सोडिअम आयनाला ९५ आणि फ्लोराइडला १३६ असेही आकडे दिसतील. ते जुन्या, पाउलिंग यांच्या तक्त्यातले. सोडिअम फ्लोराइडच्या स्फटिकात दोन आयनांमधलं अंतर सुमारे २३२ आहे. जुन्या तक्त्याची बेरीज २३१ येते, नव्याची २३५. एक आकडा जुना आणि एक नवा घेतला, १३६ आणि १०२, तर २३८.

‘ऋण आयन नेहमी धन आयनापेक्षा मोठा’ असंही काही जण पाठ करतात. पोटॅशिअम आयन १३८, फ्लोराइड १३३.

सरावाला हे चार क्रम लावा, मोठ्याकडून लहानाकडे: (अ) सल्फाइड, पोटॅशिअम आयन, कॅल्शिअम आयन, क्लोराइड. (आ) पोटॅशिअम, स्ट्रॉन्शिअम, पोटॅशिअम आयन, कॅल्शिअम आयन. (इ) बेरिलिअम, लिथिअम, मॅग्नेशिअम, सोडिअम. (ई) बोरॉन, गॅलियम, अ‍ॅल्युमिनिअम.

उत्तरं: (अ) सल्फाइड १८४, क्लोराइड १८१, पोटॅशिअम आयन १३८, कॅल्शिअम आयन १००, सगळ्यांचे १८ इलेक्ट्रॉन. (आ) पोटॅशिअम २३१, स्ट्रॉन्शिअम २१५, पोटॅशिअम आयन १३८, कॅल्शिअम आयन १००. (इ) सोडिअम १८६, मॅग्नेशिअम १६०, लिथिअम १५२, बेरिलिअम १११. (ई) अ‍ॅल्युमिनिअम १४३, गॅलियम १३५, बोरॉन ८८.